दोन हजार आठशे गुणिले शंभर?

प्रश्न : मी २७ वर्षांचा, जळगाव एमआयडीसीत फिटर आहे. दोन वर्षांचा आयटीआय, सहा वर्षांचा अनुभव. पीएफ आणि व्यवसायकर कापून हातात २४,००० येतात. गावाकडे स्वतःचे घर आहे, रोज जाऊन-येऊन ३६ किलोमीटर मोटारसायकल. घरी आई-वडील, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. सध्या तीन ठिकाणची कामे समोर आहेत. चाकणला ३६,००० हातात. दुबईत २,४०० दिरहम, राहणे कंपनीचे, जेवण आपले. जर्मनीत २,८०० युरो, पण आधी भाषा शिकावी लागेल. मित्र म्हणतात, २,८०० गुणिले शंभर, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार, यात विचार काय करायचा? मामा म्हणतात, तिथे चहाच तीनशे रुपयांना मिळतो, सगळे तिथेच संपते. कोणाचे खरे मानू?

उत्तर : भाऊ, मित्रांनी फक्त पगाराचा गुणाकार केला आणि मामांनी फक्त खर्चाचा. दोघांनी एकच दर सगळ्या पैशाला लावला, गडबड तिथेच आहे. परदेशातल्या पगाराचे दोन भाग पडतात. जो भाग तुम्ही तिथेच खाता, भाड्यात देता, प्रवासात घालवता, त्याचे रुपये कधी होतच नाहीत. त्याचा हिशेब तिथल्याच चलनात, तिथल्याच भावाने करायचा. उरलेला जो भाग गावी येतो, फक्त त्यालाच बँकेचा दर लावायचा. हा क्रम पाळला की निम्मा गोंधळ मिटतो.

खाली हिशेबाच्या सोयीसाठी दिरहम २४ रुपये आणि युरो १०० रुपये धरला आहे. तुम्ही कागद घेऊन बसाल त्या दिवशीचा दर टाकून पुन्हा करा. आणि चलनाच्या एका नगाची किंमत पाहून कोणत्याही देशाचा अंदाज बांधू नका. ओमानचा एक रियाल सव्वादोनशे रुपयांच्या पुढे जातो, जपानचा एक येन साठ पैशांच्या आसपास असतो. म्हणून जपान गरीब ठरत नाही. तिथले पगारच लाखांच्या आकड्यात येन असतात.

आधी मामांच्या चहाकडे येऊ, कारण त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. भाव रुपयांत मोजण्याऐवजी कामाच्या मिनिटांत मोजा. जळगावला २४,००० भागिले २०८ तास (रोज ८, महिन्याला २६ दिवस) म्हणजे तासाला ११५ रुपये पडतात. जर्मनीत कापाकापी होऊन हातात सुमारे १,९२० युरो येतील, महिन्याचे तास १७३, म्हणजे तासाला ११ युरो. आता दूध घ्या. तिथे लिटर साधारण एक युरो, म्हणजे सहा मिनिटांचेही काम नाही. इथे ६० रुपये लिटर धरले तर अर्ध्या तासाचे काम. तीन युरोची कॉफी मात्र सोळा मिनिटे खाते, आपला दहा रुपयांचा चहा पाच मिनिटे. केस कापायला तिथे पंचवीस युरो लागले तर सव्वादोन तासांची कमाई गेली. आपल्याकडे ८० रुपयांत, म्हणजे पाऊण तासापेक्षा कमीत, काम होते. १५,००० रुपयांच्या मोबाइलला इथे १३० तास लागतात, तिथे तेवढ्याच किमतीच्या मोबाइलला चौदा.

यातून नियम दिसतो. जी वस्तू जहाजात किंवा ट्रकमध्ये घालून कुठेही नेता येते (मोबाइल, लोखंड, सोने), तिचा भाव कर आणि वाहतूक सोडली तर जगभर फार वेगळा नसतो. जे जागेवरच घ्यावे लागते, म्हणजे खोलीचे भाडे, न्हाव्याचे काम, हॉटेलातला चहा, मुलीची पाळणाघराची सोय, त्याचा भाव तिथल्या मजुरीप्रमाणे चढतो. म्हणून श्रीमंत देशात माल परवडतो आणि माणसाचे काम महाग पडते. मामांनी चहा पाहिला, दूध पाहिले नाही.

इंटरनेटवर एक आकडा फिरतो तो ‘क्रयशक्ती समते’चा, ज्याला सगळे पीपीपी म्हणतात. जागतिक बँकेच्या २०२१ सालच्या भावमोजणीत अमेरिकेत एका डॉलरला जेवढे मिळते तेवढे भारतात सुमारे २० रुपयांत मिळते असे निघाले. त्या वर्षी बाजारात डॉलर मात्र ७४ रुपयांच्या आसपास होता. हा आकडा खोटा नाही, पण तो एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर आहे : संपूर्ण कुटुंब तिथे राहणार, तिथेच कमावणार, तिथेच खर्च करणार, तर राहणीमान कसे असेल? एकटा माणूस जाऊन घरी पैसे पाठवणार असेल तर पाठवलेल्या पैशाला पीपीपी लावणे चूक. गावातल्या सिमेंटवाल्याला आणि सोनाराला तुम्ही बाजारभावानेच बदललेले रुपये देणार.

शहरांची तुलना करणाऱ्या वेबसाइटवरही जपून. त्यांच्या खर्चाच्या टोपलीत शहराच्या मध्यात घेतलेला फ्लॅट, हॉटेलातले जेवण, सिनेमा, कधी दारूसुद्धा असते. तुमच्या टोपलीत तूरडाळ, भाकरीचे पीठ, तेल, भाजी आणि एक खाट आहे. त्या टोपलीचा भाव त्या गावात राहणाऱ्या, तुमच्यासारखेच काम करणाऱ्या माणसाला फोनवर विचारा. सरासरीने तुमचे भाडे भरले जात नाही.

आता चारही ठिकाणांचा हिशेब. घरचा खर्च मी असा धरला आहे : तुम्ही घरी असताना तुमच्या पगारातून १३,०००, तुम्ही बाहेर असताना ११,५००. तुमचे आकडे वेगळे असतील तर तेवढे बदला.

जळगाव. २४,००० मधून घरखर्च १३,०००, पेट्रोल १,९००, मोबाइल आणि किरकोळ १,६००. उरले ७,५००. पण पगाराच्या चिठ्ठीतला पीएफ लोक हिशेबात धरत नाहीत, तो धरा. पीएफचा पगार १५,००० असेल तर तुमचे १,८०० जमा होतात आणि मालकाच्या १,८०० पैकी ५५० तुमच्या खात्यात, १,२५० पेन्शन योजनेत जातात. म्हणजे खात्यात महिन्याला २,३५०. एकूण बचत ९,८५०.

चाकण. ३६,००० मधून वाट्याने खोली लाइटबिलासह ५,०००, मेस ४,०००, जाणे-येणे १,०००, किरकोळ २,५००, महिन्यातून एकदा गावी येणे १,५००. हे १४,००० झाले. घरी ११,५००. उरले १०,५००, पीएफ धरून १२,८५०. पगार बारा हजारांनी वाढला आणि बचत फक्त तीन हजारांनी. तिथे सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) किंवा नवी मशीनरी शिकायला मिळणार असेल तर जा. निव्वळ पैशासाठी तीन हजारांवर मुलीपासून लांब राहणे मला पटत नाही.

दुबईच्या २,४०० दिरहमपाशी थांबावे लागेल, कारण हा आकडा एकसंध नाही. तुम्ही पत्रासोबत पगाराच्या कागदाचा जो फोटो पाठवला त्यात बेसिक १,३००, भत्ते ७५०, आणि ओव्हरटाइम ३५० असे लिहिले आहे. ड्यूटी दहा तासांची. तिथल्या कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास हे मूळ काम, त्यापुढच्या तासाला बेसिकच्या दरावर २५ टक्के जास्त, रात्री १० ते पहाटे ४ या वेळात ५० टक्के जास्त. १,३०० भागिले ३०, भागिले ८ म्हणजे तासाला ५.४२ दिरहम, त्याचे सव्वापट ६.७७, महिन्याचे ५२ तास म्हणजे ३५२. आकडा बरोबर जुळतो, म्हणजे हा ओव्हरटाइम रोजचा आहे असे गृहीत धरूनच पगार सांगितला आहे. काम कमी झाले की हे ३५० सगळ्यात आधी जातात, आणि ते गेले तर महिन्याला ८,४०० रुपये कमी झाले.

खर्च : चार-पाच जणांनी मिळून स्वयंपाक केला तर जेवण ५००, फोन ७५, बाकी साबण-कपडे-बाहेर जाणे २२५. एकूण ८००. उरले १,६०० दिरहम. २४ ने गुणले तर ३८,४०० होतात, पण तेवढे पोहोचत नाहीत. पैसे पाठवणारी एक्स्चेंज दोन जागी घेते : दिसणारी फी आणि न दिसणारा दरातला फरक. फी २० दिरहम आणि दर २३.८० मिळाला तर घरी ३७,६०० येतील. ‘फी शून्य’ अशी पाटी दिसली की दर तपासा, तिथे जास्त कापलेले असते. पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : मी १,६०० दिले तर भारतात खात्यात किती रुपये पडतील? तीन ठिकाणी विचारा आणि जिथे जास्त रुपये सांगतील तिथून पाठवा. दर आठवड्याला थोडे थोडे पाठवू नका, दर वेळी फी लागते.

३७,६०० मधून घरचे ११,५०० वजा करा, २६,१०० राहिले. जाण्याचा खर्च मेडिकल, कागद, एजंट मिळून ६०,००० धरला आणि दोन वर्षांवर पसरला तर महिन्याला २,५०० जातात. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी उलट मिळवायची : एक वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, म्हणजे ९१० दिरहम, महिन्याला सुमारे १,८२० रुपये. शेवटी २५,४०० उरतात. बेसिक १,३०० ऐवजी ८०० लिहून भत्ते फुगवले असते तर एकूण तेवढाच दिसला असता, पण ग्रॅच्युइटी आणि ओव्हरटाइम दोन्ही त्याच प्रमाणात घसरले असते. म्हणून एकूण किती यापेक्षा बेसिक किती हे आधी विचारायचे.

दर महिन्याला पाहिले तर दुबईची बचत चाकणच्या दुप्पट. तासाला पाहिले तर चाकणला ६२ रुपये, दुबईत २६० तासांना ९८ रुपये, म्हणजे दीडपटीच्या थोडे वर. मधला फरक तुमच्या अंगमेहनतीच्या जादा तासांतून आला आहे, आणि ते तास उन्हाळ्यातही भरावे लागतील.

जर्मनीच्या २,८०० युरोला तिथे ‘ब्रुटो’ म्हणतात, म्हणजे कापण्याआधीचा पगार. हातात येतो तो ‘नेटो’. पेन्शनचे ९.३ टक्के, बेरोजगारी विम्याचे १.३, आरोग्य विम्याचे ७.३ आणि वरचा निम्मा अधिभार, शिवाय वृद्धापकाळातल्या शुश्रूषेचा विमा, असे २१-२२ टक्के जातात; वर आयकर. कुटुंब भारतात असताना कर वर्ग १ लागतो आणि हातात १,९२० च्या आसपास राहतात. आकडा रास्त आहे का हे तपासायचे साधन किमान वेतन : १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो, म्हणजे चाळीस तासांच्या आठवड्याला महिना सुमारे २,४१० ब्रुटो. तुमचे २,८०० त्याच्या वर आहेत, पण फार वर नाहीत.

खर्चात सगळ्यात मोठी चूक भाड्यात होते. जाहिरातीत ‘काल्टमिटे’ लिहिलेले असते, ते नुसते खोलीचे. हीटिंग, पाणी, कचरा धरून होते ते ‘वार्ममिटे’, आणि वीज बहुतेकदा त्याहूनही वेगळी. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमिटेपर्यंत मागता येते. लहान गावात वाट्याच्या घरातली खोली सगळे धरून ५५०, स्वतः रांधून जेवण २८०, देशभर चालणारा बस-रेल्वे पास ६३, रेडिओ-टीव्हीचा सक्तीचा आकार १८.३६ (घरटी एकच, तो वाटून घ्यायचा), फोन १५, बाकी १७५. हे ११०० झाले. म्युनिकसारख्या शहरात हीच खोली ८००-९०० ला जाईल आणि बचतीतला मोठा घास तिथेच जाईल. गाव कोणते हे विचारल्याशिवाय जर्मनीचा हिशेब होत नाही.

८२० युरो उरले, पाठवण्याचा खर्च वजा जाता घरी ८१,२०० आले, ११,५०० घरखर्च गेला, ६९,७०० राहिले. वर्षातून एकदा आखाजीला यायचे तर तिकिटाचे ७०,०००, महिन्याला ५,८००. भाषा, कागदांचे भाषांतर, मान्यता, व्हिसा, पहिली अनामत, थंडीचे कपडे मिळून साडेतीन-पावणेचार लाख लागतील. ३,६०,००० दोन वर्षांवर पसरले तर महिन्याला १५,०००. शेवटी ४९,००० च्या घरात, तिसऱ्या वर्षापासून ६४,००० च्या घरात. दोन लाख ऐंशी हजार नाहीत, पण मामा म्हणतात तसे शून्यही नाही. चौघांत हाच आकडा मोठा आहे, आणि तोही सगळ्यात कमी तासांत.

बायको-मुलगी तिथे आणायची म्हटली की चित्र पालटते. कर कमी होऊन हातात २,१५० ते २,२०० येतील, २०२६ पासून एका मुलामागे महिन्याला २५९ युरो बालभत्ता आहे, पण घराचे भाडे ९०० ते १,००० आणि जेवण ६०० वर जाईल. बचत दोन-तीनशे युरोंवर येते. मात्र मुलीची शाळा आणि तिघांचा दवाखाना त्याच पैशात बसतो. त्यामुळे आधी घरात बसून ठरवा : पाच वर्षांत गावी विहीर, घर, जमीन हवी आहे, की कुटुंबाने तिथे नांदायचे आहे? पहिल्यासाठी बँकेचा दर पाहा, दुसऱ्यासाठी पीपीपी.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. मार्च २०२४ पासून जर्मनीत अशी सोय आहे की प्रमाणपत्राची मान्यता तिथे काम करता करता पूर्ण करता येते. त्याला किमान दोन वर्षांचे सरकारमान्य शिक्षण आणि भाषेची ए-२ (सुरुवातीची दुसरी) पातळी लागते. फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा असल्याने तुम्ही बसता. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा, तो केलेले मित्र या वाटेने बसत नाहीत. पण २,८०० हा पगार मान्यता मिळेपर्यंतचा की मिळाल्यानंतरचा, हे पत्रात लिहून घ्या. मधल्या काळात तो कमी असू शकतो.

कर्जाबद्दल. साडेतीन लाख गावातून शेकडा तीनने उचलले तर महिन्याला १०,५०० व्याजच जाते, तेही भाषेच्या वर्गाला बसल्या दिवसापासून, जेव्हा एक युरोही आलेला नसतो. त्यापेक्षा जळगावची नोकरी धरून ए-१ आणि ए-२ संध्याकाळच्या किंवा ऑनलाइन वर्गात करा. पहिला खर्च तेवढाच. ए-२ ची परीक्षा पास झालात तर पुढचे पैसे घाला, नाही झालात तर नुकसान फीपुरते.

‘रुपया घसरतच असतो, म्हणजे आपला पगार आपोआप वाढतो’ असे एजंट सांगेल. २०१४ साली दिरहम साडेसोळा रुपयांच्या आसपास होता, २०२४ ला पावणेतेवीसच्या. खरे आहे, पण त्या दहा वर्षांत गावची मजुरी आणि किराणाही वाढला. ही वाढ हिशेबात धरू नका. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून तो रुपयात डॉलरसारखाच हलतो. युरो मोकळा आहे, तो दोन्हीकडे जातो. पाच रुपये खाली आला तर तुमचे महिन्याला ४,१०० कमी होतात.

जायचे ठरले तर बँकेत एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचे) खाते उघडा, त्यावरचे व्याज करमुक्त असते, आणि जुने बचत खाते एनआरओ (इथल्या उत्पन्नासाठीचे) करून घ्या. पीएफ काढू नका. शक्य असेल तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याआधी निघा; एप्रिलपासून भारतातले दिवस १८२ च्या आत राहिले तर त्या वर्षाचा परदेशी पगार इथल्या करात येत नाही.

तुम्ही दहावी पास असल्याने पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा) शिक्का नसेल. त्यामुळे आखातात जायला सरकारी मंजुरी लागत नाही, आणि इथेच दहावी पास मुले फसतात, कारण कोणी कागद तपासतच नाही. एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः शोधा. त्याला जास्तीत जास्त ३०,००० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावतीवर. अमिरातीत भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाचा असतो, तो तुमच्या पगारातून कापता येत नाही. व्हिजिट व्हिसावर ‘आधी जा, मग बदलून देऊ’ म्हणाला तर तिथेच उठा.

माझे मत विचाराल तर चाकण सोडा, जर्मनीची भाषा उद्यापासून सुरू करा, आणि दुबई हाताशी ठेवा. पुढच्या आठवड्यात एजंटकडे जाल तेव्हा पाच गोष्टी कागदावर सहीसह मागा : बेसिक, रोजचे तास, ओव्हरटाइमचा दर, राहण्याच्या खोलीत किती जण, दोन वर्षांनी तिकीट कोणाचे. आत्ता पाठवलेला फोटो कोणाच्याही सहीचा नाही. सहीचा कागद मिळेपर्यंत पासपोर्ट त्याच्या टेबलावर ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या.